बांधाकडचा चरगा

दसऱ्याच्या सुट्टीत भार्गवीला कुठं न्यायचं हे आमच्याकडं सिटी बस कुठवर जाते त्यावर ठरायचं. श्रीवत्स कापडाच्या दुकानात कामाला, आम्ही कमरीपेठेत दोन खोल्यांत. शेजारचे म्हैसूरचा दसरा बघायला गेले, तेव्हा आम्ही उणकल तळ्याकाठी दहीबुत्तीचा डबा उघडला. एकदा नृपतुंग बेट्टाच्या टेकडीवर चढून चिरमुरे खाल्ले. एकदा सिद्धारूढ मठात गेलो, तिथं जेवणही झालं. भार्गवी पाच वर्षांची, तिला सगळ्याचंच अप्रूप. मला धास्ती. कुठंही गेलं की मी आधी पाणी किती खोल ते बघते, मग कठडा हलतो का, आणि मग बसायला जागा.

सत्त्याण्णव साली सुट्टीतला शेवटचा बेत शीगी पौर्णिमेचा ठरला. आपल्याकडं त्या रात्री कोजागिरीचं दूध आटवतात. इकडं कानडी मुलखात त्या दिवशी भूमीचं डोहाळजेवण असतं. पीक पोटऱ्यात आलेलं, म्हणजे भूमी गरोदर. घरोघरची माणसं पंचपक्वान्नं करून शेतात जातात, आधी तिला जेवू घालतात आणि मग बांधावर पंगत मांडतात. मी मिरजेची, त्यामुळं हे मला लग्नानंतरच कळलं. श्रीवत्सच्या काकांचं, मुकुंदरावांचं शेत अमरगोळच्या मागं. त्यांची मुलं पुण्याला, सुट्टीला कुणी येत नाही. यंदा काकूंनी, अंबूकाकूंनी, मुद्दाम निरोप धाडला, पोरीला घेऊन या म्हणून.

"फुकटात सहल, फुकटात जेवण," श्रीवत्स बसमध्ये म्हणाला. "अजून काय पाहिजे?"

"विहिरीला कठडा आहे का?" मी विचारलं.

मार्केट यार्डाच्या भिंतीकडेनं चालत गेलो. काळ्या रानात ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली होती. मुकुंदराव काठी टेकून वाटेतच उभे होते.

"या, या! दुकान उघडायला उशीर झाला तरी चालतो, जेवायला मात्र टायमावर!" मग माझ्या पायांकडं बघून म्हणाले, "चप्पल काढ गं मिरजवाले. पोटुशी बाई आहे ही. तिच्या पोटावरनं चप्पल घालून चालतात होय?"

मी चप्पल काढली. विहिरीला कठडा नव्हता.

बन्नीच्या, म्हणजे शमीच्या झाडाखाली काकूंनी चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडले होते, पांडव म्हणून. पुढं खण, हिरव्या बांगड्या, हळद-कुंकू. टोपल्यांत शेंगाहोळग्या, म्हणजे शेंगदाण्याच्या पोळ्या, कडबू, भरली वांगी, कडक भाकरी. शेंगदाणे आणि गुळाचा वास उन्हात दाटून आला होता. मी पत्रावळी पुसत होते. पाच दगडांच्या शेजारी, जरा बाजूला, काकूंनी एक साधा दगड ठेवला. चुना न लावलेला. मुकुंदराव आले तसा त्यांनी तो पदराखाली घेतला. ते गेल्यावर परत ठेवला.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"जावेचा," काकू म्हणाल्या. होळगीला तूप लावायचं काही थांबलं नाही. "रुक्मिणीचा. धाकटे भाऊजी गेले, हिला सातवा महिना. त्यांच्या वाट्याचं रान ह्यांनीच कसायला घेतलं होतं. ती काही वाटा मागायला नव्हती आली गं. जेवायला आली होती. शेंगाहोळगीची वासना झाली होती तिला. त्या बांधावर उभी होती, पूर्वेच्या. हे म्हणाले, यंदा नाही, पुढच्या वर्षी ये."

"आजच्या दिवशी?"

"आजच्या दिवशी. वाटसरूलासुद्धा आज कुणी उपाशी धाडत नाही."

"मग?"

"दिवाळीत गेली, बाळंतपणात. दोघंही गेली."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

काकूंनी होळगी दुमडली. "मी वाढत होते," त्या म्हणाल्या.

मग चरगा निघाला. चरगा म्हणजे भूमीचा घास. सगळं जेवण घागरीत कालवायचं आणि शेतभर फिरून टाकायचं. घागरवाला पुढं. तो घास टाकून "हुलिग्यो!" अशी हाक देतो. मागचा तांब्यातलं पाणी शिंपडतो आणि "चल्लांब्रिगो!" म्हणतो. अर्थ कुणालाच ठाऊक नाही, पण हाकेला उत्तर द्यायचंच असतं. नाहीतर भूमीला घास पोचत नाही म्हणतात.

"पोरीला दे तांब्या," मुकुंदराव म्हणाले. "कडेकडेनं जाऊन येतो. पूर्वेकडं नाही जायचं, तिकडं निवडुंग आहे."

भार्गवी उड्या मारत त्यांच्या मागं गेली. ज्वारीनं दोघांना मिटून घेतलं. मी विहिरीच्या आणि ज्वारीच्या मधे उभी राहिले. ती धावत आली तर आधी माझ्यावर आदळेल अशी.

"हुलिग्यो!"

"चल्लांब्रिगो!" भार्गवीचा चिरका आवाज. वाळल्या पानांवर घास पडल्याची थपथप.

पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. मला हसू आलं. श्रीवत्स सतरंजीवर आडवा झाला होता.

पुढच्या उत्तरात मला दोन आवाज ऐकू आले. भार्गवीचा, आणि त्याच्या खालून एक जाडसर, दमलेला. शेजारच्या रानातलं कुणी असेल. त्या दिवशी सगळ्याच शेतांत चरगा असतो.

मग फक्त जाडसर आवाज राहिला.

आणि थपथप थांबली. मुकुंदराव हाक देत होते, घास टाकत होते, त्यांचा हात वर झालेला शेंड्यांवरून दिसत होता. खाली काही पडत नव्हतं.

मी ज्वारीत शिरले. पानांच्या कडा दंडांना कापत गेल्या. भार्गवी एका सरीत उभी होती. तांब्या काठोकाठ भरलेला.

"तू ओरडत का नाहीस गं?"

"ती अक्का ओरडते की."

"कुठली अक्का?"

तिनं पूर्वेच्या बांधाकडं बोट केलं. तिथं निवडुंग नव्हता. काहीच नव्हतं.

"आई, तिला किती भूक लागलीय. ती मला म्हणते, घागर संपली की तू ये."

मी तिला उचललं. तेवढ्यात पुढून मुकुंदरावांनी घागर उपडी केली आणि घागरीच्या बुडावर थाप मारली. "मुगीतु! संपलं. चला जेवायला."

"हुलिग्यो."

हाक बांधाकडून आली. मोठ्यानं नाही. दारात उभं राहून कुणी आत हाक द्यावी तशी.

भार्गवीनं तोंड उघडलं. मी तिच्या तोंडावर तळवा दाबला. तिचे ओठ तळव्याखाली हलत होते.

"कोण आहे गं तिकडं?" मुकुंदराव कन्नडमध्ये ओरडले. "कुणाची पोर चेष्टा करते?"

"हुलिग्यो."

आता जवळून.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. काका, जेवायला चला, एवढं म्हणता आलं असतं.

"काका," मी म्हणाले, "शेत तुमचं आहे. उत्तर तुम्हीच द्यायला हवं."

ते हसले. "घाबरलीस होय मिरजवाले?" आणि छाती भरून ओरडले, "चल्लांब्रिगो!"

काठीनं ज्वारी बाजूला करत ते आत गेले.

शेंडे हलत बांधापर्यंत गेले.

थांबले.

माझ्या तळव्याखाली भार्गवीचे ओठ शांत झाले.

श्रीवत्सला ते बांधावर सापडले. मांडी घालून बसलेले, पंगतीत बसतात तसे. दोन्ही हातांची ओंजळ पुढं केलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. ती ओंजळ सोडवायला दोघं का लागले, हे कुणी विचारलं नाही. काकूंनी सगळी पक्वान्नं शेजारच्या रानात वाटून टाकली. एकही होळगी परत नेली नाही.

पुढच्या वर्षी सुट्टी लागली तसा काकूंचा निरोप आला. नको म्हणायला हवं होतं. पण मी चप्पल हातात घेऊनच त्या रानात उतरले.

सहावा दगड यंदा चुन्यानं रंगवलेला होता, खण त्याच्यापुढं होता. घागर काकूंनी स्वतःच्या कमरेवर घेतली, तांब्या मी घेतला. भार्गवी माझ्या पदराला धरून. काकू थेट पूर्वेच्या बांधाकडं गेल्या आणि सगळ्यांत आधी तिथं घास टाकला, अख्ख्या होळगीचा. हाकेला उत्तर माझंच होतं, दुसरं कुणाचं नाही. शेतभर फिरलो. थपथप ऐकू येत राहिली. मी श्वास सोडला.

परत बन्नीकडं वळलो तेव्हा घागरीत अजून बरंच उरलं होतं. काकूंनी सवयीनं शेवटची हाक दिली.

"हुलिग्यो."

मी तोंड उघडायच्या आत पश्चिमेकडून, कुंपणाच्या बाहेरून, उत्तर आलं. पुरुषाचा आवाज. घसा सुकलेला.

"चल्लांब्रिगो."

"आई," भार्गवी कुजबुजली, "काकाआजोबा."

काकू थांबल्या. घागरीत हात घातला, होळगीचा तुकडा वर काढला, त्याच्याकडं बघितलं. परत आत टाकला आणि घागरीवर पदर ओढला.

"यंदा नाही," कुंपणाकडं बघून त्या शांतपणे म्हणाल्या. "पुढच्या वर्षी या."

मग आम्ही जेवायला बसलो. काकूंनी माझ्या पानात दोन होळग्या वाढल्या, वर तूप.

मी दोन्ही खाल्ल्या.