गुळाचा ड्रायव्हर

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच गोष्ट आहे ती. गुळाच्या नऊ रव्यांनी, म्हणजे ढेपांनी, एक गाडी दोरी धरल्यासारखी सरळ चालवली, आणि तीच गाडी कोल्हापुरातल्या सर्वांत पक्क्या हाताला मात्र सरळ चालवता येईना. खोटं वाटत असेल तर तो पक्का हात समोरच बसलाय. वैजयंतीबाई कुलगुडे. मी कुठे घसरलो तर त्या थांबवतील. आजवर कधी थांबवलेलं नाही.

हे मी शहानवाजला सांगत होतो. शहानवाज इचलकरंजीचा, स्वतःची गाडी चार बोटं खाली बसवून आमच्या शिरोलीच्या गॅरेजात माप घ्यायला आलेला. त्याच्या आधी नंबर होता बाईंच्या पांढऱ्या गाडीचा. गाडी लिफ्टवर, तिच्याखाली पद्मजा, म्हणजे माझा भागीदार आदगोंडा मगदूम याची मुलगी. आदगोंडा जाऊन तीन वर्षं झाली. हात तिच्यात उतरलेत. भिंतीवरच्या पडद्यावर बाईंच्या गाडीचे जुने आकडे आले तसा शहानवाज चहा हातात घेऊन उठलाच.

“अण्णा, हिचं डावं चाक एक सांगतंय आणि उजवं भलतंच. ठोकलेली गाडी हाय काय?”

“ठोकलेली न्हाई. मापाची हाय.”

“असलं कसलं माप? गटारात जाईल की गाडी.”

“तू चालवलीस तर जाईल,” मी म्हणालो, आणि गोष्ट सुरू केली.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. गाड्या तेव्हाच आपल्या आपण चालायला लागल्या होत्या. माणसाने हाताने गाडी चालवायची परवानगी उरली होती दोनच ठिकाणी: शर्यतीच्या मैदानात, आणि वर्षातून एका रविवारी करूळच्या घाटात. पायथ्यापासून वर गगनबावड्यापर्यंत, एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं. त्या एका रविवारसाठी लोक वर्षभर गाड्या उकलत-जोडत बसायचे. अजून बसतात.

आणि त्याच साली बाजारात स्पर्शरबर आलं. टायरच्या रबरात केसाहून बारीक धागे विणलेले. रस्त्यावरचा खडा न् खडा त्या धाग्यांना कळतो, कुठल्या क्षणी चाकाच्या कुठल्या कडेवर किती भार आला तेही कळतं, आणि कळलेलं टायर विसरत नाही. गाडी दोन किलोमीटर फिरवून आणायची, चाकाला चाकवाचक लावायचा, की सगळी हकिकत कागदावर. आम्ही त्या कागदाला गाडीची कुंडली म्हणतो.

पण कुंडली कुणीही छापेल, वाचायला माणूस लागतो. कंपनी देते ते माप रेडीमेड शर्टासारखं, सगळ्यांना थोडं थोडं बसतं. गाडी खाली बसवली, टायर रुंद घातले, इंजिन काढून दोन मोटारी टाकल्या, की तो शर्ट फाटला. मग शिंपी लागतो. आदगोंडा शिंपी होता. दिवसाला अकरा शब्द बोलायचा, त्यातले चार स्पॅनरशी. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझं. टायरवरून तळवा फिरवून तो सांगायचा, ही गाडी आठवड्यातून दोनदा जोतिबाला जाते. एकदा तर त्याने टायरला हात लावून गाडीवाल्याच्या सासऱ्यांचं गाव सांगितलं होतं.

“काहीही,” शहानवाज म्हणाला.

“पन्हाळा. विचार कुणालाही.”

वैजयंतीबाई हसल्या. त्यांचा डावा हात मांडीवर होता, उजव्यात कप.

त्या साली बाईंनी गाडी आणली तेव्हा सलग दोन वर्षं त्या दुसऱ्या आल्या होत्या. पहिला नंबर चार सेकंदांनी हुकलेला. हे शेवटचं वर्ष, म्हणाल्या, यंदा नाही जमलं तर गाडी विकून टाकणार. आमच्या गॅरेजाची गाडी तोवर एकदाही वर पहिली पोचली नव्हती, हेही सांगून टाकतो.

आता मापाचं ऐक. चाक वरच्या बाजूने आत किती झुकलंय, तो कॅम्बर. वळणावर गाडी कलते तेव्हा हा झुकाव असला तर टायर पूर्ण टेकतो. दोन चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलीत की फाकलीत, तो टो. माणूस चालताना पंजे आत टाकतो किंवा बाहेर, तसंच. आणि कास्टर. सायकलचा पुढचा दांडा तिरपा असतो, बघितलायस? तो जितका तिरपा, तितकं चाक आपण होऊन सरळ व्हायला बघतं. हे तीन कोन बसवायचे, तेही मिनिटांत. एका अंशाची साठ मिनिटं. आदगोंडा दोन मिनिटांच्या फरकासाठी जेवण टाळायचा.

आणि हे सगळं ड्रायव्हरच्या वजनासकट. माणूस सीटवर बसला की गाडी त्या अंगाला दबते, कोन बदलतात. बाकीचे लोक सीटवर वाळूची पोती ठेवतात. आदगोंडा गुळाचे रवे ठेवायचा. वाळू सरकते, रवा ठेवाल तिथे बसतो, आणि दहा किलो म्हणजे दहाच किलो. बाईंचं वजन मी सांगणार नाही. पाच मोठे रवे, एक मधला, तीन लहान. बेरीज तुझी तू कर.

“मुंग्या?” शहानवाज म्हणाला.

“मुंग्यांचं तर विचारूच नको. त्या रविवारी घाटात गाडीमागे मुंग्यांची रांग लागली होती. पायथ्यापासून वरपर्यंत. पंचांनी हरकत घेतली.”

तर गूळ सीटवर, स्टिअरिंग गाडीतल्या स्वयंचालकाकडे, आणि एमआयडीसीमागच्या शर्यतीच्या मैदानातल्या सरळ पट्टीवर गाडी सोडली. दोन किलोमीटर. चाकवाचकाचा कागद असा आला की फ्रेम करून लावावा. चारही टायर सारखे टेकलेले. आदगोंडाने कागद बघून मान हलवली, म्हणजे त्याच्या हिशेबी भाषणच झालं ते.

मग गूळ उतरवला आणि बाई बसल्या. गाडी उजवीकडे ओढायला लागली. फार नाही. बाईंनाही नीट कळत नव्हतं, फक्त म्हणाल्या की वळणातून बाहेर येताना काहीतरी चोरल्यासारखं वाटतंय. दोन वर्षं तेच वाटतंय, म्हणाल्या. ते चार सेकंद तिथेच गेले होते.

आदगोंडाने पुन्हा माप घेतलं. पुन्हा गूळ. सरळ. पुन्हा बाई. उजवीकडे. तिसऱ्या दिवशी तो स्वतः बसला, पोटाला जास्तीचे रवे बांधल्यासारखा. सरळ. मला बसवलं. सरळ. एवढ्या फेऱ्यांनंतर दुसऱ्या कुणी चाकवाचकच दुरुस्तीला पाठवला असता. आदगोंडाने काय केलं? गाडीवर संशय घ्यायचा सोडून दिला. ज्या गोष्टीत फक्त एकच बदल केल्यावर दोष येतो, तो दोष त्या बदलात असतो. शाळा सातवी, पण हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

त्याने कागदाची सगळ्यांत खालची ओळ काढली, जी कुणी वाचत नाही. पुढच्या चाकांवर एक बारीक थरथर होती. सेकंदाला पाच वेळा. मोटारीची नाही, बेअरिंगची नाही, त्या गाडीत सेकंदाला पाच या लयीने फिरणारं काही नव्हतंच. आणि गाडी डावीकडे घ्यायची वेळ आली की चाक सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा वळत होतं. डावा हात ओढायला उशीर करत होता, उजवा त्याला बिचाऱ्याला सांभाळून घेत होता.

आदगोंडा ती ओळ बघत उभा राहिला. त्याच्या वडिलांचा हात असाच जायला लागला होता. आधी पेला हलला, मग घास, मग चालणं. त्या आजाराची, कंपवाताची, औषधं आता आहेत, तेव्हाही होती, पण ती जितक्या लवकर सुरू होतील तितकी लागू पडतात.

शहानवाजने कप खाली ठेवला. “म्हणजे टायरला कळालं, बाईंना कळायच्या आधी?”

“बाईंना, त्यांच्या घरच्यांना, डॉक्टरांना, सगळ्यांच्या आधी. रबराला.”

“मग?”

मग काय. आदगोंडाने हात पुसले आणि सरळ बाईंकडे गेला. त्या गाडीतच बसल्या होत्या. खिडकीत वाकून म्हणाला, “ताई, गाडीत दोष न्हाई. डावा हात दाखवून घ्या.” आठ शब्द झाले, पण त्या दिवशी त्याने हात आखडला नाही. कागद दाखवला, बोट ठेवून ओळ दाखवली. शर्यत तीन दिवसांवर. बाईंनी कागद वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. आणि काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, “हात सोमवारी दाखवते. रविवारपुरती गाडी माझ्या हाताला बसव.”

असं मागणं त्याच्याकडे कुणी केलं नव्हतं. आयुष्यभर गाड्या सरळ केल्या, आता एक वाकडी करायची. दोन्हीकडचा कास्टर वाढवला, म्हणजे स्टिअरिंग जड होईल आणि ती थरथर चाकापर्यंत पोचणारच नाही. पण उजव्याचा वाढवला जास्त, डाव्याचा कमी. असं केलं की गाडी आपण होऊन थोडी डावीकडे जाऊ बघते. जिथे बाईंचा हात उशीर करणार, तिथे गाडी आधीच निघालेली असणार. टो बंद केला, तोंडं जवळजवळ समांतर. उजव्या चाकाचा कॅम्बर अकरा मिनिटांनी हलवला, का ते मला आजतागायत समजलेलं नाही, पद्मजालाही नाही. दोन दिवस तो गाडीखालून बाहेर आला नाही. मी भाकरी खाली सरकवायचो, रिकामं ताट बाहेर यायचं.

मग गूळ ठेवून सोडली. गाडी सरळ डाव्या गटारात. बाई बसल्या, आणि गाडी दोरीत. जगात एकच माणूस होता जो ती गाडी सरळ चालवू शकत होता.

“आईशपथ,” शहानवाज हळूच म्हणाला, आणि पडद्यावरच्या आकड्यांकडे पुन्हा बघायला लागला. आता तो ते निराळ्या नजरेने वाचत होता. एकेका चाकाशी थांबत होता.

रविवारचं काय सांगू. मी वर गगनबावड्याला उभा होतो. बाकीच्या गाड्यांचा आवाज वळणात तुटायचा, पुन्हा जुळायचा. हिचा तुटलाच नाही. शेवटच्या वळणातून ती आली ती अशी, की कुणीतरी वरून धागा ओढतंय. सहा मिनिटं एकेचाळीस सेकंद. दुसऱ्या नंबरला नऊ सेकंदांनी मागे टाकलं. टायर एवढे शांत होते की हात लावला तर गार लागले.

“गार?”

“बर्फ. कडेच्या झाडावरची वानरं खाली उतरून बघून गेली.”

बाई पुन्हा हसल्या. पद्मजाही गाडीखालून हसली. मी म्हणालो ना, थांबवत नाहीत.

“आणि आजाराचं?” शहानवाजने विचारलं. “त्याचं काय झालं, अण्णा?”

“व्हायचंय काय. सोमवारी म्हणाल्या होत्या, सोमवारी गेल्या. वेळेत औषध चालू झालं, म्हणून आज हा हात एवढा निवांत बसलाय. त्या गाडीने आधी करंडक आणला आणि मग माणूस वाचवला. एवढंच आहे सगळं. एका टायरला कळलं, एका माणसाने ते वाचलं, आणि वाचून लगेच—”

“खोटं,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

आवाज चढवला नव्हता. लिफ्टखाली स्पॅनरचा आवाज थांबला.

“वानरं असू देत. मुंग्या असू देत, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण आदगोंडा मला काही बोलला नव्हता, गुंडूअण्णा. त्याने गाडी बसवून दिली, मी चालवली, आणि दीड वर्षाने माझ्या हातातून कपबशी सुटली तेव्हा मी डॉक्टरांकडे गेले. तो कागद मी पहिल्यांदा पाहिला तो आदगोंडा दवाखान्यात असताना. त्याने उशीखालून काढून दिला. त्यावर तारीख होती शर्यतीच्या आधीच्या गुरुवारची.”

मी शहानवाजकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

“त्या गुरुवारी तो हात पुसत माझ्याकडे यायला निघाला होता, हे बरोबर सांगितलंत. पुढचं गाळलंत. तुम्ही त्याच्या दंडाला धरलंत आणि मशीनमागे नेलंत. मी आरशात बघत होते. वाटलं, गाडीचं काहीतरी बोलत असतील.” त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. “मी ती चढण चढले, त्याबद्दल मी तुमच्याशी कधी भांडणार नाही. कळलं असतं तर कदाचित पायथ्यालाच थांबले असते. पण ते ठरवायचं कुणी होतं?”