सातव्या मशीनवरची रेघ

गुरुवार, वीस फेब्रुवारी. दिवसभर ऊन, आणि संध्याकाळपासून वारा असा पडलेला की झाडाचं पान हलत नव्हतं. तारीख पक्की आहे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सर आधी माझ्याकडेच आले. लाइट येईपर्यंत बसायचंच आहे, तर ऐका. आणि धाकटे, मध्येमध्ये दात काढू नकोस.

सर म्हणजे आपल्या पलीकडच्या घरात राहायचे ते, प्राथमिक शाळेत कॉम्प्युटर शिकवणारे. माणूस सरळ, पण नोकरी कच्ची. दर वर्षी नवा करार. मुख्याध्यापकबाईंनी सांगितलं होतं, शुक्रवारी तपासणीला साहेब येतायत. तिसरीतल्या प्रत्येक मुलाने स्वतः काढलेलं चित्र मशीनवर दिसलं तर तुम्ही कायम. नाही दिसलं तर दुसरीकडे बघा.

आता सरांची पद्धत अशी, की एका मशीनवर दोन मुलं. एकाने माउस धरायचा, दुसऱ्याने बघायचं, अर्ध्या तासात अदलाबदल. पण मशीन इतकी म्हातारी, की ती जागी होण्यातच अर्धा तास जायचा. अदलाबदल म्हणेपर्यंत घंटा. आणि माउस पहिल्यांदा कोणाला? जो चटपटीत, त्याला. म्हणजे बाईंनी डोकावलं तर तास रंगलेला दिसतो. बघणारी मुलं वर्षभर बघतच राहिली.

त्यातलीच एक चिमणी. आवाज एवढासा, म्हणून हे नाव. सातव्या मशीनवर डॉक्टरांच्या मुलाशेजारी बसायची आणि दर तासाला विचारायची, "सर, आज माझा नंबर?"

सर म्हणायचे, "उद्या नक्की."

सहामाहीनंतर तापाने गेली ती पोर.

"काका, भुताला कॉम्प्युटर येतो का हो?" धाकटीने विचारलंच.

येत नव्हता. तीच तर गोष्ट आहे.

त्या रात्री सर शाळेत एकटे बसले, बघणाऱ्या मुलांची चित्रं स्वतःच काढायला. पोराने काढल्यासारखी वाटावीत म्हणून डाव्या हाताने. वाकडं घर, वाकडा डोंगर. आपण काय करतोय हे कळत होतं, म्हणाले. खोलीत कोणी नसतानाही मान वर होत नव्हती. पण हात चालूच.

साडेअकराच्या सुमाराला सातव्या मशीनशी आले. यादीतून चिमणीचं नाव अजून कोणी काढलं नव्हतं. नावापुढे रिकामं दिसायला नको, म्हणून तिच्याही नावाने घर काढायला घेतलं. गेलेल्या पोरीच्या नावाने.

भिंत काढली. पुसली गेली. त्यांना वाटलं, चुकून काही दाबलं गेलं.

पुन्हा काढली. पुन्हा पुसली गेली.

सरांनी माउस सोडला.

पडद्यावरचा बाण हलला. जरासा. थांबला. पुन्हा हलला... पहिल्यांदा माउस धरणाऱ्याचा हलतो ना, तसा. भलतीकडे जाणारा. कडेला जाऊन अडकणारा.

पोरांना शिकवताना सर त्यांच्या हातावर हात ठेवायचे. सवयीने हात पुढे गेला. माउसवर ठेवला.

माउसवर नाही.

मध्ये आणखी एक हात होता. एवढासा. थंड.

धाकटी सरकून मोठ्या भावाला चिकटली. भावाने हळूच विचारलं, मग सरांनी काय केलं?

शिकवलं.

"दाब... धरून ठेव... आता ओढ..."

किती वेळ, ते त्यांना सांगता आलं नाही. मध्येच म्हणाले, "चुकलं माझं, पोरी." बाण थांबला... मग चालू लागला.

नंतर कधीतरी हाताखाली नुसता माउस उरला.

सकाळी माझ्या ओट्यावर बसून जमिनीकडे बघत त्यांनी हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, साहेब येऊन जाऊ देत. चहा तसाच ठेवून उठले.

शाळेत बाईंच्या देखत त्यांनी साहेबांना सांगितलं, "यातली निम्मी चित्रं माझी आहेत. या मुलांच्या हाती मी वर्षभर माउस दिलाच नाही."

साहेबांनी एकेक उघडून पाहिली. सातव्या मशीनवर घर नव्हतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच रेघ होती, थरथरती. हेही तुमचंच का, असं त्यांनी विचारलं. सर नाही म्हणाले, आणि चिमणीचं नाव सांगितलं. बाई उठून खिडकीशी गेल्या.

सरांचा करार पुढे झाला नाही. वर्ष संपल्यावर मशीन भंगारात निघाली, तेव्हा सातव्याचा माउस मी मागून आणला. तो त्या फेब्रुवारीतच नवा घेतलेला होता. त्याच्या डाव्या बटणावर खळगा पडलाय, वर्षानुवर्षं एकच बोट दाबत राहिल्यासारखा. माझी करंगळी त्यात मावत नाही.