एल्क ब्लफला कोण जाणार?

मिनियापोलिसच्या एका हॉटेलात डॉक्टरांच्या नोकऱ्यांचा मेळावा भरला होता. बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि आत मोठ्या शहरांच्या टेबलांपुढं झुंबड उडाली होती. गर्दीतून बाजूला सरताना ऑड्रा लिंडग्रेन एका ओस पडलेल्या टेबलावर आदळली. तिथं एक उंच माणूस एकटाच चेरीचा केक कापत बसला होता.

"घ्या ना. पेशंटनं करून दिलाय. गावाचं नाव नंतर विचारा, नाहीतर पळून जाल."

"कुठलं गाव?"

"एल्क ब्लफ, नॉर्थ डकोटा. पगार इथल्यापेक्षा दुप्पट." तो हसला. "बघा, पाऊल मागं गेलंच तुमचं."

त्याचं नाव सोरेन हॉगन. गावातला एकुलता एक सर्जन, जोडीला दुसरा शोधत होता. तिनं आपलं काम सांगितलं – लहान मुलांच्या सांध्यांचे आजार.

"म्हणजे आमच्यापेक्षा जास्त वर्षं शिकून आमच्यापेक्षा कमी पगार?"

"निम्मा. वर नोकरी मिळणार ती मोठ्या शहरातच."

"मग केक तरी दोन तुकडे घ्या..."

सुट्टी मिळाली की सोरेन दिवसभर गाडी हाकत मिनियापोलिसला तिच्याकडं यायचा. गोठलेल्या तळ्याकाठी दोघं फिरायची. तिचे हातमोजे नेहमी घरी राहायचे – आणि त्याच्या कोटाचा खिसा मोठा होता.

वसंतात ती एल्क ब्लफला गेली. पिवळ्या छातीचे पक्षी कुंपणाच्या खांबांवर गात होते. जेवणाला निम्मं गाव जमलं.

"इथं सर्दी-तापाची डॉक्टर म्हणून राहशील?" त्यानं हळूच विचारलं. "तू बघतेस त्या आजाराची मुलं सगळ्या जिल्ह्यात दोन-तीनच असतील."

"आणि बाकी ठिकाणच्या मुलांनी कुणाकडं जायचं, सोरेन?"

त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "तुझ्या शहराबाहेरच्या हॉस्पिटलनं मला बोलावलंय. निम्म्या पगारावर. तू एकदा 'ये' म्हण..."

शब्द अगदी ओठांवर आला होता. पण समोर ताटं उचलणारी पोटुशी बाई होती. सोरेन इथं नसता आणि ती रात्री-अपरात्री अडली असती, तर तिला दोन तास गाडीत काढावे लागले असते. ऑड्रानं मान खाली घातली. सोरेननंही पुन्हा विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात फोन विरळ होत गेले, मग थांबले. त्यानं पुन्हा विचारायला हवं होतं, असं तिला वाटायचं. आपण 'ये' म्हणायला हवं होतं, असंही वाटायचं.

दोन वर्षांनी दवाखान्यात फोन वाजला.

"डॉक्टर लिंडग्रेन? मी हॉगन. एक मुलगी पाठवतोय. सहा वर्षांची आहे, सकाळी गुडघे वाकत नाहीत."

"पाठवा. गुरुवारी बघते." ती घुटमळली. "दुसरा सर्जन... मिळाला का तुम्हाला?"

"मिळाली."

ऑड्रानं हातातलं पेन खाली ठेवलं.

"एकटीच आली होती," तो म्हणाला. "आता... एकटी नाहीये. मीही नाहीये."

"चांगलं झालं," ऑड्रा म्हणाली. आवाज नीट राहिला याचं तिचं तिलाच नवल वाटलं. मग तिनं पेन उचललं आणि विचारलं, "मुलीचं वय काय म्हणालात?"

ते त्यानं आत्ताच सांगितलं होतं. तरी त्यानं पुन्हा सांगितलं, सावकाश.