डोक्यावरचे हात

माझं काम चुका शोधण्याचं. पुण्यात खराडीतल्या कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. बाकीच्यांनी 'झालं एकदाचं' म्हटलं की माझं सुरू होतं. म्हणून आधीच सांगून टाकतो, कॅमेऱ्यात बिघाड नव्हता. तपासलाय.

दिग्विजय माझा कॉलेजचा मित्र. चांगली आयटीतली नोकरी सोडून फादर व्हायला सेमिनरीत गेला, तेव्हा मी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. त्याचे आईवडील लहानपणीच गेलेले, काकांनी वाढवलं. काका म्हणजे फादर सुखदेव, सेमिनरीत चर्चचा इतिहास शिकवायचे. दिग्विजयच्या गुरुदीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी शूटिंगसाठी हँडीकॅम ठेवायला गेलो, तर ते चर्चच्या पायरीवर चहा गार करत बसले होते.

"उद्या मी हात ठेवणार नाही," ते म्हणाले.

दीक्षेत आधी बिशप डोक्यावर हात ठेवतात, मग हजर असलेले सगळे फादर, एकेक करून, काही न बोलता. त्या बिशपांवर त्यांच्या आधीच्या बिशपांनी ठेवलेले, त्यांच्यावर त्यांच्या आधीच्यांनी. असं मागे मागे जात थेट येशूच्या शिष्यापर्यंत, संत पेत्रापर्यंत, म्हणजे मासे धरणाऱ्या एका कोळ्यापर्यंत. कॅथलिक चर्च सुरू झालं ते या हातांतून, असं फादर जन्मभर वर्गात सांगत आले.

"मग आता काय बिघडलं?"

"सोळाव्या शतकात एक कार्डिनल, म्हणजे बिशपांच्याही वरचे, होऊन गेले. आजचे बहुतेक बिशप त्यांच्याच ओळीतले. पण त्यांच्यावर कुणी हात ठेवले, ते आजवर सापडलेलं नाही. सापडेल, सापडेल म्हणत म्हातारा झालो, राकेश. जो हात कुठून आला हेच माहीत नाही, तो पोराच्या डोक्यावर कसा ठेवू?"

मी विश्रांतवाडीचा, बौद्ध घरातला. "आमची सुरुवात आजोबांनी डोळ्यांनी पाहिली," मी म्हणालो. "नागपूरला, छप्पन साली. गर्दीत चप्पल हरवली, ते मरेपर्यंत सांगायचे."

"भाग्यवान आहात."

टोमणा असता तर परवडला असता. मला फार वाईट वाटलं.

"फादर, त्याला बिशपांपेक्षा तुमचा हात हवाय."

त्यांनी चहा पायरीखाली ओतला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्च गच्च भरलेलं. मोगऱ्याचा वास, बाहेर नगर रोडचे हॉर्न. दिग्विजय गुडघे टेकून, डोळे मिटून. बिशपांनी हात ठेवले. मग रांगेनं एकेक फादर. फादर सुखदेव खांबाजवळच्या बाकावर खाली मान घालून बसलेले. मी कॅमेरा दिग्विजयच्या डोक्यावर रोखला.

शेवटचे फादर हात काढून बाजूला झाले.

दिग्विजयचे केस पुन्हा दबले.

पंखा असेल म्हटलं. पण पंख्यानं केस उडतात. हे दबत होते, सावकाश, तळव्याएवढ्या जागेत. वर यायचे, परत दबायचे. दर वेळी मान जराशी वाकायची.

मोगरा कुठल्या कुठे गेला. ओल्या जाळ्यांचा वास येत होता.

बिशपही थांबून राहिले.

फादर सुखदेव उठले. त्यांनीही पाहिलं होतं. ते पुतण्यासमोर आले, उजवा हात पुढे केला.

हात डोक्यापर्यंत पोचलाच नाही. वीतभर वरच थांबला. टेकल्यासारखा. फादर रडत होते.

जेवणाच्या वेळी दिग्विजय येऊन त्यांच्या पाया पडला. "काका, शेवटचा हात तुमचा. मी ओळखला."

"मी नुसता वर ठेवला रे," ते म्हणाले. "खाली जागा नव्हती."

तो हसून पुढच्या पाहुण्यांकडे गेला. फादर डाव्या हातानं जेवत होते. उजवा टेबलावर पडलेला, बोटं अर्धवट मिटलेली, बाही मनगटाशी चिंब, तिला त्याच ओल्या जाळ्यांचा वास.

"हाताला काय झालं, फादर?"

त्यांनी हाताकडे मायेनं पाहिलं.

"अजून सोडला नाहीये त्यांनी," ते म्हणाले, आणि जरा सरकून शेजारी जागा केली.