तीनशे बारा ग्रॅम

वीज गेली आणि मोठे काका गॅलरीत येऊन बसले. वीज गेल्याशिवाय त्यांना घरातल्या माणसांची आठवण होत नाही. समोर दोघंच होती. छोटी, आणि तिचा थोरला भाऊ. त्याने कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं, आणि तेव्हापासून वडील त्याच्याशी फक्त छोटीमार्फत बोलत. "त्याला म्हणावं, दिवा बंद कर." असं.

"खरी गोष्ट सांगा हं," छोटी म्हणाली.

"खरीच आहे. आमच्या वर्कशॉपातल्या काटेवाल्याची."

काटेवाला वजनकाटे दुरुस्त करायला गावोगाव फिरायचा. गोदामं, दवाखाने, सोनारांची दुकानं. बॅगेत अवजारं, पितळी वजनं आणि सेलवर चालणारा तळहाताएवढा काटा. काम आटपल्यावर दुसरा कुणी जेवून झोपला असता. हा आगगाड्यांचं दुकान शोधत हिंडायचा. विजेवर रुळांवरून धावणाऱ्या, खऱ्या गाडीची हुबेहूब नक्कल असलेल्या छोट्या गाड्यांचं. त्यासाठी खेळण्यांच्या दुकानात तो कधीच विचारत नसे. तिथे प्लॅस्टिकचा कचरा पुढ्यात टाकतात. तो घड्याळजीला विचारायचा. गाड्यांचा नाद असलेली माणसं बारीक स्क्रू आणि तेल घ्यायला त्याच्याकडेच येतात.

शोधत होता एकच इंजिन. हिरवं. पुढचा एक बफर, म्हणजे धक्का झेलणारी गोल चकती, तुटलेला, त्या जागी शर्टाचं बटण चिकटवलेलं. ते त्याच्या मुलाने चिकटवलं होतं, बारा वर्षांचा असताना. इंजिन घरी आलं त्या दिवशी बापलेकांनी ते याच काट्यावर ठेवलं होतं. तीनशे बारा ग्रॅम. मुलाने इंजिनाच्या पोटाखाली पेन्सिलीने आकडा लिहून ठेवला.

पुढे मुलगा कॉलेज सोडतो म्हणाला. बापाने गाड्यांचं अख्खं खोकं त्याच्यादेखत भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवलं. मुलगा रात्री घर सोडून गेला. त्याला सहा वर्षं झाली.

"पत्ता नव्हता का त्याचा?" छोटीने विचारलं.

"होता की. त्याच्या मित्राने दिला होता. पण रिकाम्या हाताने कसं जायचं? इंजिन सापडलं की जाईन, म्हणायचा."

"माफी मागायला इंजिन कशाला लागतं?" भाऊ म्हणाला. "तोंड पुरतं."

"तुला नाही कळायचं."

"मलाच तर कळतंय."

आतल्या खोलीत वडील खोकले. म्हणजे जागे होते. काकांनी आवाज थोडा खाली आणला.

डिसेंबरातला दुसरा गुरुवार. गोदामातला मोठा काटा जुळवून काटेवाला बाजारात आला तेव्हा आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. घड्याळजी शटर ओढत होता. "मागच्या गल्लीत, जिन्याने वर," तो म्हणाला. "नऊला बंद करतो. पाय उचला."

जिना अरुंद होता. वर दार उघडं. तिन्ही भिंतींना काचेची कपाटं, आणि कपाटांत नुसत्या गाड्या. मधल्या टेबलावर रुळांचं वर्तुळ, बाजूला वेगाचं बटण. दुकानदार म्हातारा होता. मान खाली घालून एक डबा पुसत होता.

हिरवं इंजिन दुसऱ्या फळीवर होतं. बफराच्या जागी बटण.

काटेवाल्याने ते दोन्ही हातांनी उचललं. चांगलं जड लागलं. उलटं केलं. पेन्सिलीचा आकडा पुसट, पण होता. सहा वर्षांनी मुलाचं अक्षर दिसल्यावर माणसाने काय करावं? याने बॅगेतून काटा काढला. जुन्या इंजिनातली मोटर काढून नुसतं टरफल विकतात, म्हणून तो नेहमी वजन करून बघायचा. इथेही केलं.

काट्यावर आकडा आला... शून्य.

त्याने पितळी वजन ठेवून पाहिलं. दोनशे. बरोबर. पुन्हा इंजिन ठेवलं.

शून्य.

"रुळावर ठेवा," दुकानदार मान वर न करता म्हणाला. "तुमचा मुलगा फेरी मारून बघतो रोज."

"माझा... तो इथे येतो?"

"महिना झाला. रोज याच वेळेला येतो. बाप येईल म्हणतो."

काटेवाल्याने इंजिन रुळावर ठेवलं. वेगाच्या बटणाजवळ कुणी नव्हतं.

बटण फिरलं.

हळूहळू. सवयीच्या हाताने फिरवल्यासारखं. इंजिन निघालं. एक फेरी झाली. काटेवाल्यासमोर येऊन थांबलं.

"बोला," दुकानदार म्हणाला. "काय सांगायचं असेल ते सांगा त्याला. नऊ वाजतायत."

काटेवाल्याने तोंड उघडलं. सहा वर्षं घोकलेलं एक वाक्य होतं. चुकलं माझं, एवढंच. आणि तो काय म्हणाला?

"काटा... काटा बिघडलाय बहुतेक."

बटण मागे फिरलं. दिवे गेले. आणि अंधारात, अगदी कानाशी, कुणीतरी श्वास सोडला. लांब. वाट बघून थकलेल्या माणसाचा.

काटेवाला काटा उचलून पळाला. काटा हातातून पडला, मागचं झाकण निघालं. सेल टपटप वाजत जिन्यावरून त्याच्या आधी खाली गेले. तो थांबला नाही.

"पळाला?" भाऊ म्हणाला. "बापच तो. पळणारच."

या खेपेला काका चिडले नाहीत. आतला खोकला थांबला होता.

त्याच रात्री काटेवाल्याने गाडी पकडली. रिकाम्या हातानेच. पहाटे मुलाच्या पत्त्यावर पोचला. घरमालकीण दारात आली. तिने त्याला नीट न्याहाळलं.

"नाक त्याच्यासारखंच आहे," ती म्हणाली. "वडील ना तुम्ही? महिना झाला हो. तापाने गेला. कळवणार कुणाला? त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबरच नव्हता."

मग तिने खोली उघडली. महिनाभराचं कुलूप, किल्ली फिरता फिरेना. आत एक खाट, एक खुर्ची, दोरीवर वाळून कडक झालेला टॉवेल. खिडकी आतून बंद.

खिडकीखाली टेबल होतं.

टेबलावर काटेवाल्याचाच काटा, काल रात्री हातातून पडलेला.

मागचं झाकण नाही. सेल नाहीत. वर काहीही ठेवलेलं नाही...

आणि आकडा लागलेला. तीनशे बारा.