अण्णांच्या हाताची जागा

मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही सवय घरीही सुटत नाही; माझी बायको हर्षाली यावरून मला पुष्कळ बोलते. तेव्हा आईच्या औषधांसाठी आणि पोथ्यांसाठी तिच्या खोलीत फ्लोटिंग शेल्फ लावायचं ठरलं, तेव्हा ते मीच लावणार हे उघड होतं.

जागाही मीच निवडली. अण्णा, माझे वडील, आईच्या पलंगापाशी उभे राहून बोलायचे, ते भिंतीला उजवा हात टेकून. लासलगावच्या कांद्याच्या लिलावात आयुष्य उभ्यानं गेलेला माणूस. बसून बोलणं त्यांना जमायचंच नाही. ते गेले, पण त्या हाताचा तेलकट डाग रंग देऊनही वर येत होता. शेल्फनं तो झाकला जाईल, एवढाच माझा विचार.

"तिथं नको रे," आई म्हणाली. "तिथं त्यांचा हात असतो."

"असायचा," मी म्हणालो आणि ड्रिल सुरू केलं.

भिंत चांगली भरीव निघाली. लेव्हल लावली, बोल्ट आवळले, फळी सरकवून बसवली. खाली कुठंही आधार दिसत नव्हता. स्वतःवरच खूश होऊन मी चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी फळी उजवीकडे झुकलेली. वर अजून काहीच ठेवलं नव्हतं.

बोल्ट सैल असणार. बघितले, तर घट्ट होते. जाड बोल्ट आणून पुन्हा बसवली, पुन्हा उजवं टोक खाली. उचलून बघावं म्हणून तिथं हात लावला, तर लाकूड कोमट लागलं. त्या भिंतीवर ऊन येत नाही.

याच दिवसांत आईचं जेवण सुटलं. आधी भाकरी, मग भात, मग ताकही नको. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. आई फळीकडे बघत पडून असायची आणि मधूनच मान हलवायची, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

"आई, काय होतंय तुला?"

"बोलून बसले ना मी. रामकुंडावर."

मला आठवलं. अण्णांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. धनराजकाका हात जोडून म्हणाले, वहिनींना सांभाळू. मी म्हणालो, आईची काळजी करू नका. कावळे कठड्यावर ढिम्म. मग मागं उभी असलेली आई म्हणाली, "व्हा तुम्ही पुढं, मी आलेच मागनं." कावळा लगेच शिवला. सुटलो एकदाचे, असं सगळ्यांना झालं. मला तर गाडी उचलून नेतील याचीच चिंता होती.

"असं काही नसतं, आई."

"लय ताटकळलेत रे ते," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

मी घाबरलो.

तिचा डोळा लागल्यावर, भर दुपारी, मी फळी काढायला घेतली. निघेना. भिंतीला पाय लावून ओढली. कुणी वरून दाबून धरावी तशी जागची हलेना.

मला रडू फुटलं.

"अण्णा, तिला सोडा. सोबत हवीच असेल तर मी येतो."

फळी अलगद हातात आली.

मागची भिंत स्वच्छ होती. डाग नव्हता.

सकाळी जाग आली ती भाजल्याच्या वासानं. आई ओट्यापाशी उभी होती. माझ्यासमोर तिनं पोटभर भाकरी खाल्ली, वर ठेचा मागून घेतला. हर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आनंदानं काय करू नि काय नको झालं.

मग आईनं धुतलेल्या फडक्यात दशम्या बांधल्या, चटणीची पुडी ठेवली, घट्ट गाठ मारली आणि ते गाठोडं माझ्यापुढं सरकवलं.

"वाटेत लागतील."

"कुठल्या वाटेत?" रविवार होता. मला कुठंच जायचं नव्हतं.

"दुधात भिजवल्यात," आई मायेनं म्हणाली. "लांब जायाचं ना तुला."