पूजेतला पाना

"साहेब, बेड्या आणता येत नाहीत. पूजेत आहेत."

शिपाई निंबानं हे सांगितलं आणि धुळ्याचे फौजदार दिलवरसिंग जागच्या जागी थांबले. दसऱ्याची सकाळ होती. काल खंडेनवमीला ठाण्यातल्या बंदुका, बेड्या, सगळं पाटावर मांडून पुजलेलं. उत्तरपूजा होईपर्यंत पुजलेल्या हत्याराला कोण हात लावणार? म्हणून निंबानं आरोपीला चक्क दोरानं बांधून आणलं होतं.

आरोपी म्हणजे मंगा मेकॅनिक. आठवड्यामागं तोतारामशेठनं त्याला कामावरून काढलं, तेव्हा "बघून घेईन" असं तो चारचौघांत ओरडला होता. आणि आज शेठची सर्व्हिस मोटार जळगावला निघाली ती फागणे गावाच्या अलीकडेच खड्ड्यात गेली. पुढचं डावं चाक निखळलं. उतारूंचं खरचटण्यावर निभावलं, पण गाडी चालवणारा शेठचा धाकटा भाऊ पुना जागीच गेला.

ठाण्याबाहेर गर्दी खवळली होती. पायरीवर मंगाची बायको जमना कपाळ आपटत होती.

"साहेब, मना धनी असा नही शे! त्याले फासावर नका देऊ!"

दिलवरसिंगांना बसवेना. वरून साहेबाचा निरोप आला होता, संध्याकाळच्या आत आरोपपत्र हवं. पुरावा तर हातात होता. मंगाच्या दारच्या कडब्यात चाकाचा पाना सापडलेला. सगळं कसं सोपं! आणि सोपं म्हटलं की हा माणूस पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागे.

"नट तू ढिले केलेस?"

"नाही साहेब."

"पाना तुझ्या कडब्यात कसा?"

"देवाला ठाऊक. पुनाभाऊंना चाक बसवायला मी शिकवलं, साहेब. नट आधी हातानं फिरवायचे. मग गाडी जॅकवरून खाली टेकवायची आणि पान्यानं समोरासमोरचे नट आवळत जायचे. थोडं पळवून पुन्हा बघायचं. त्यांचा जीव मी घेईन?" मंगा हुंदके देऊन रडायला लागला.

फौजदार उठलेच. "चल निंबा, मोटार बघू."

मोटार कुशीवर पडलेली होती. जागेवरच्या तिन्ही चाकांच्या नटांवर तेलात कालवलेल्या हळदीकुंकवाची बोटं होती. रस्त्यावरची धूळ बसली, तरी कुंकू लख्ख लाल. चौथं चाक शेतात पडलं होतं. त्याचे नट निंबानं रस्त्यावरून वेचून रुमालात बांधले होते. दिलवरसिंगांनी ते पुसून पुसून पाहिले. आटे शाबूत. कुंकवाचा मात्र ठिपकासुद्धा नाही.

मग त्यांनी पाना मागवला. मुठीवरचं कुंकू फिसकटलेलं होतं. पण जबड्याच्या आत, जिथं नट धरतात तिथं, कुंकवाचा थर जसाच्या तसा होता.

"निंबा, मंगाला घेऊन शेठच्या घरी चल. आत्ता!"

शेठच्या ओसरीवर बायका रडत होत्या. पुनाची बायको शेवंताबाई भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. कोपऱ्यात पूजेचा पाट अजून तसाच होता. पक्कड, हातोडा, झेंडूची फुलं, आणि मधोमध लांबट रिकामी जागा.

"शेवंताबाई, काल मोटारीला कुंकू कुणी लावलं?"

"मी. बठ्ठ्या, सगळ्या नटांले."

"चारही चाकांच्या?"

"तीनच चाकं व्हतीन. एक पंक्चरले गयतं."

तोताराम एकदम उसळला. "फौजदारसाहेब, घरात सुतक आहे, काही लाजलज्जा? त्या हरामखोरानं रात्री पाना चोरून नट ढिले केले, पुरावा आहे!"

"पुराव्याचंच बोलतोय, शेठ." दिलवरसिंगांनी पाना पुढं धरला. "हा नटाला लागला असता तर जबड्यातलं कुंकू पुसलं गेलं असतं. पूजेनंतर हा एकदाही फिरलेला नाही. ना सोडायला, ना आवळायला. निखळलेल्या चाकाच्या नटांवर कुंकू नाही, कारण पूजेच्या वेळी ते चाक गाडीला नव्हतंच. पूजेनंतर ते परत आलं. बसवायचं तर पाना हवा, आणि पाना पाटावर. माझ्या ठाण्यात बेड्या जशा अडकल्या, तसाच तुमच्या घरी पाना अडकला. मग पुनानं नट नुसत्या हातानं फिरवले. सकाळी आवळू म्हणून. मग सकाळी का नाही आवळले?"

तोतारामची नजर पाटावरच्या रिकाम्या जागेकडे गेली.

"उतारू पहाटेच आले," तो पुटपुटला. "मुहूर्तावर जळगावला सोनं घ्यायचं होतं त्यांना. उत्तरपूजा करायला गुरुजींचा पत्ता नाही. पुना म्हणाला, पाना उचलू द्या. मीच म्हटलं, पूजा मोडायची नाही, हळू जा, वाटेत पारोळ्याला कुणाचा तरी पाना माग. मी मारलं त्याला. या शेवंताला काय तोंड दाखवू? म्हणून बातमी आल्याबरोबर पाना नेऊन मंगाच्या कडब्यात..."

शेवंताबाई उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"आबा, मना धनीनासाठे पूजा मोडता उनी नही तुम्हले. मंगाले फासावर चढावाले कशी मोडता उनी?"

तोतारामनं मान वर केली नाही.

"निंबा," दिलवरसिंग म्हणाले, "मंगाचे हात सोड. दोर इकडे दे."